स्टँडिंग डेस्क घेतल्यावर टाच का दुखायला लागली? चिंचवडच्या एका घरातली केस

स्टँडिंग डेस्क घेऊ का, हा प्रश्न घरून काम सुरू झाल्यापासून माझ्याकडे सतत येतो आणि त्याचं हो किंवा नाही असं सरळ उत्तर देता येत नाही, कारण आधी विचारावं लागतं की तुमचं नक्की दुखतंय काय. म्हणून ही एक केस पूर्ण लिहितेय. पेशंट आणि त्यांच्या बायको दोघांची परवानगी घेतलीय, नावं देत नाहीये आणि ओळख पटेल अशा काही बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे शुगर आणि शिरांबद्दल जे काही पुढे येईल ते त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरलेलं आहे.

पेशंट पुरुष, चाळिशी नुकतीच ओलांडलेली, उंची १७० सेंटीमीटर, टेक सपोर्टचं काम, शिफ्ट दुपारी २ ते रात्री ११, बहुतेक दिवस घरूनच. घर वन बीएचके, त्यात आई, बायको, एक शाळेत जाणारी मुलगी. क्लिनिकमध्ये आम्ही त्यांना दादा म्हणतो, इथेही तेच म्हणते. वहिनी एका कापडाच्या शोरूममध्ये सेल्सला आहेत. त्यांचा भाग पुढे येईल आणि माझ्या मते या केसमधला जास्त महत्त्वाचा भाग तोच आहे.

दादांच्या मूळ तक्रारी चार होत्या. संध्याकाळी सातनंतर कंबर धरायची, मान आखडायची, पोट सुटलं होतं आणि कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.१ आलं होतं, म्हणजे डायबेटिस नाही पण ५.७ ते ६.४ मधला तो प्रीडायबेटिसचा पट्टा. आईला शुगर आहे, त्यामुळे ते घाबरले, आणि बसून राहणं म्हणजे सिगरेट ओढण्याइतकं वाईट असं कुठेतरी ऐकलेलं होतंच. मग हप्त्यावर मोटरवालं टेबल घेतलं, बटण दाबून वर केलं आणि खाली आणलंच नाही. पूर्ण शिफ्ट उभं राहून. जेवायला तेवढं बसायचे.

पहिले काही दिवस कंबर खरंच हलकी वाटली, हे त्यांनी मला आवर्जून सांगितलं. मग तिसऱ्या आठवड्यात सकाळी उठल्यावर उजवी टाच जमिनीला टेकवेना, पहिली दहा-वीस पावलं भिंत धरून टाकायची, नंतर जरा सैल व्हायचं. रात्री पोटऱ्या भरून यायच्या, मोज्याचे वळ पडायचे. मान होती तशीच. माझ्याकडे आले ते टाचेसाठी, डेस्कचा विषय मी खोदून विचारल्यावर निघाला.

अशा वेळी क्लिनिकमध्ये पेशंटला उभं करून बघण्यात अर्थ नसतो, कारण तिथे सगळे ताठ उभे राहतात. मी त्यांना म्हटलं, दादा, रात्री नऊच्या सुमारास मुलीला सांगा बाजूने एक व्हिडिओ काढायला आणि तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. तो व्हिडिओ आला आणि निम्मं निदान त्यातच झालं. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर अनवाणी उभे, सगळं वजन उजव्या पायावर, गुडघा मागे लॉक केलेला, पोट पुढे आणि कंबरेची खोबण ताणलेली. टेबल जास्तच उंच, त्यामुळे खांदे कानाकडे चढलेले, मनगटं टेबलाच्या कडेवर दाबलेली. आणि एवढं करून लॅपटॉपची स्क्रीन खालीच होती, म्हणजे मान वाकलेली ती वाकलेलीच. पूर्ण दहा मिनिटांच्या व्हिडिओत ते जागचे हलले नाहीत. डाव्या पायाने उजवी पोटरी खाजवली तेवढीच काय ती हालचाल.

खुर्चीत एका जागी बसलेला माणूस आता फरशीवर एका जागी उभा राहिला होता. बदल झाला होता तो एवढाच.

आता हे उभं राहणं चांगलं ही समजूत आली कुठून ते थोडं सांगते, कारण त्यातच गोम आहे. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरना हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरपेक्षा बरंच जास्त आणि पहिला झटका जीवघेणा ठरण्याचं प्रमाणही जास्त. नंतर त्याच गटाने युनिफॉर्मच्या पँटची मापं तपासली तर ड्रायव्हर लोकांच्या कंबरा मोठ्या निघाल्या. हा अभ्यास स्टँडिंग डेस्कच्या जाहिरातीसाठी फार वापरतात. पण कंडक्टर उभा राहायचा म्हणून फिट नव्हता हो, त्या डबल डेकर होत्या, तो दिवसभर जिना चढउतार करायचा, शेकडो पायऱ्या. मुंबईत बेस्टच्या डबल डेकरमधून ज्यांनी प्रवास केलाय त्यांना चालत्या बसमध्ये वरखाली करणारा कंडक्टर डोळ्यासमोर येईल. त्याच अभ्यासात पोस्टाचा भाग पण होता, चालत किंवा सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन आणि खुर्चीतले टेलिफोन ऑपरेटर, तिथेही फरक दिसला तो फिरणाऱ्यांच्या बाजूने. नुसतं उभं राहणारा माणूस या सगळ्यात कुठेच नाही.

नुसत्या उभं राहणाऱ्यांवरचे अभ्यास नंतर झाले आणि ते वाचून माझं मत पक्कं झालं. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये सात हजारांवर कामगारांना १२ वर्षं फॉलो केलं, २०१८ मध्ये ते छापून आलं, तर ज्यांचं काम मुख्यतः उभ्याचं त्यांना हृदयविकाराचा धोका बसून काम करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट. २०२४ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या टीमने ब्रिटनमधल्या ८३ हजार लोकांच्या मनगटावरच्या उपकरणांचा डेटा तपासला, त्यात जास्त वेळ उभं राहिल्याने हृदयाला काही संरक्षण मिळालेलं दिसलं नाही, उलट दिवसाला दोन तासांच्या पुढे उभं राहणं वाढलं तसा व्हेरिकोज व्हेन्स (पायातल्या फुगलेल्या शिरा), पायात गुठळ्या असल्या रक्ताभिसरणाच्या त्रासांचा धोका वाढला. आणि दिवसाला दहा तासांच्या वर बसणंही वाईट हेही त्यातच आहे. म्हणजे खुर्ची सुटली असं कोणी समजू नये.

कारण साधं आहे. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात, पण ते आकुंचन पावले तरच. चाललं, पायरी चढली, टाचा उचलल्या की पोटरी पिळली जाते आणि रक्त वर जातं. पुतळ्यासारखं उभं राहिलं की पंप बंद, रक्त आणि पाणी खाली साचतं, सूज येते. टाचेचं तसंच, तळपायाखालचा जो जाड पट्टा आहे त्याला कडक फरशीवर तासन् तास ताण, वर वजन वाढलेलं, पोटऱ्या आखडलेल्या, तो बंड करणारच. सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात दुखरं हे त्याचं ठरलेलं लक्षण.

तर आम्ही दादांच्या प्रत्येक तक्रारीचा हिशोब वेगळा मांडला. यात पेशंटला सगळ्यात जास्त पटतं असा माझा अनुभव आहे, नाहीतर एक वस्तू घेतली की सगळं बरं होईल ही आशा सुटत नाही.

मान आधी घेतली. ही तक्रार बसण्याची नव्हतीच, लॅपटॉपची होती. लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे एकतर हात बरोबर येतात नाहीतर मान, दोन्ही कधीच नाही. उभं असताना कोपराची उंची ढोबळमानाने आपल्या उंचीच्या ६३ टक्के असते, म्हणजे दादांची साधारण १०७ सेंटीमीटर, कीबोर्ड तिथे किंवा किंचित खाली हवा. त्यांनी टेबल नेलं होतं ११५ वर, का, तर स्क्रीन वर यावी म्हणून. तरीही डोळे दीडशेच्या वर, स्क्रीनची वरची कड त्याच्या बरीच खाली. उपाय अगदी घरगुती, टेबल १०६ वर आणलं, वेगळा कीबोर्ड आणि माऊस घेतला आणि लॅपटॉप वीस-पंचवीस सेंटीमीटर उचलला. कशावर, तर वडील वाचायचे त्या जुन्या दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे माळ्यावर होते, ते सुतळीने घट्ट बांधून. नंतर स्टँड आणला. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, कोपर आणि डोळ्यांमधलं अंतर बसल्यावर पण तेवढंच राहतं, त्यामुळे टेबल खाली केलं तरी हीच मांडणी चालते. मानेला आराम पडला तो या हजार-दीड हजाराच्या कीबोर्ड-माऊसमुळे. हे आधी केलं असतं तर टेबलाचा अर्धा विषय तिथेच मिटला असता, म्हणून मी सगळ्यांना सांगते की टेबलाच्या आधी कीबोर्ड घ्या.

कंबरेला डेस्कचा उपयोग झाला, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करते. पोक काढून तासभर बसलं की कंबरेची नैसर्गिक खोबण सपाट होते, मागचे लिगामेंट ताणून राहतात, उभं राहिलं की त्यांची सुटका होते. फक्त ती सुटका पहिल्या अर्ध्या-पाऊण तासाची. पुढे गुडघे लॉक, पोट पुढे, आणि मग कंबर दुसऱ्या बाजूने दुखायला लागते. त्यामुळे फायदा अदलाबदलीत आहे. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या सरकारी हॉस्पिटलांमधल्या ऑफिस स्टाफवर असाच प्रयोग झाला होता, १४६ लोक, त्यातल्या निम्म्यांना वरखाली होणारी टेबलं, शिवाय समजावून सांगणं आणि मधूनमधून पाठपुरावा. वर्षाअखेर त्यांचं बसणं दिवसाला ८० मिनिटांच्या आसपास कमी झालं होतं. म्हणजे नीट पाठपुरावा करून, वर्षभराने, सव्वा-दीड तास. कोणी आठ तास उभं राहिलं नाही आणि कोणी तसं सांगितलंही नव्हतं.

वजनाचं ऐकून दादा नाराज झाले. बसण्यापेक्षा उभं राहण्यात मिनिटाला फक्त ०.१५ कॅलरी जास्त जळतात, ६५ किलोचा माणूस रोज सहा तास उभा राहिला तर ५४ कॅलरी. एक लहान पोळी पण होत नाही हो. टेबलाने पोट जाईल ही अपेक्षा सोडून द्यावी.

शुगरसाठी मात्र चालणं कामाला आलं. २०१२ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटं हळू चालल्यावर जेवणानंतरची साखर सलग बसून राहिल्यापेक्षा साधारण पावपट कमी वाढली. दर वीस मिनिटांनी उठणं सपोर्टच्या शिफ्टमध्ये शक्य नाही, हे दादांनी स्पष्ट सांगितलं आणि ते बरोबरच होतं. मग आम्ही दोन जेवणं पकडली. दुपारचं जेवण सव्वाला, त्यानंतर दोन वाजेपर्यंत सोसायटीला फेऱ्या. रात्रीचं ब्रेकमध्ये साडेआठला, त्यानंतर पार्किंगमध्ये दहा मिनिटं, लिफ्ट न घेता वर. टाच दुखत होती तोवर जिना बंद ठेवला आणि फेऱ्याही बूट घालूनच, हळू, सपाट जागी.

आता शिफ्टचं वेळापत्रक. आधी मोबाइलवर अर्ध्या तासाचा अलार्म लावून पाहिला, तो कॉलच्या मध्येच वाजायचा, दोन दिवसांत बंद केला. मग कामानुसार वाटणी केली, कॉल असेल तर उभं, तिकिटं (ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी) लिहायची असतील तर बसून. कॉलवर माणूस आपोआप पाय बदलतो, दोन पावलं पुढे-मागे करतो, टायपिंग करताना तसं होत नाही. एक अडचण अशी निघाली की उभं राहून कॅमेरा लावला की मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसायचे, म्हणून ते व्हिडिओ कॉलला टेबल खालीच ठेवायचे आणि मला सांगायला लाजत होते. टेबल भिंतीच्या दुसऱ्या बाजूला सरकवलं, संपलं. असल्या कारणांवरून लोकांची टेबलं खाली पडून राहतात, म्हणून मी आता पहिल्याच भेटीत घराचा फोटो मागवते.

पायाखाली योगा मॅट दुमडून घातली. बाजूला लाकडी पाट ठेवला, एक पाय त्यावर, थोड्या वेळाने दुसरा, याने कंबरेची खोबण सैल पडते आणि वजन एका टाचेवर राहत नाही. चपलेचा प्रश्न नाजूक होता, हॉलमध्येच देवघर, आईंना घरात चपला चालत नाहीत. मऊ सोलच्या नव्या चपला आणल्या, त्या घराबाहेर कधीच जाणार नाहीत आणि मॅटवरच राहतील असं ठरलं, आईंनी परवानगी दिली. पाण्याची मोठी बाटली टेबलावरून काढून पेला ठेवला, संपला की उठून माठापर्यंत जायचं. व्यायामात पोटरीचं स्ट्रेचिंग, टाचा उचलणं आणि सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी तळपाय हाताने ताणणं, बास.

दोन-अडीच महिन्यांत टाच मोकळी झाली, सूज त्याच्या कितीतरी आधी उतरली होती. मान पहिल्या पंधरवड्यातच. कंबर रोज धरायची ती आता शिफ्ट लांबली तरच. वजन जवळपास तेच आहे. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ५.९ आलं, त्याचं श्रेय मी टेबलाला देणार नाही, फेऱ्यांना आणि रात्रीचा भात कमी केला त्याला देईन. डॉक्टरांचंही तेच म्हणणं पडलं.

आता वहिनी. दादांच्या दुसऱ्या भेटीला त्या दुकानातून सरळ क्लिनिकला आल्या होत्या. आत आल्याबरोबर बाकावर बसल्या आणि चपला काढून पाय जरा पुढे केले. मी दादांची टाच तपासत होते पण नजर तिकडे गेली. दोन्ही घोटे सुजलेले, चपलेच्या पट्ट्याचा ठसा त्वचेत रुतलेला, डाव्या गुडघ्यामागून पोटरीवर निळ्या शिरा फुगून आलेल्या. बोटाने दाबलं तर खड्डा पडला आणि भरायला वेळ लागला. म्हटलं, वहिनी, हे कधीपासून? तर म्हणाल्या, मॅडम, हे काय रोजचंच, रात्री उशीवर पाय ठेवले की सकाळपर्यंत उतरतं. सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ, काउंटरमागे उभं, लग्नसराईत आणि दिवाळीत त्याच्याही पुढे. बसायला काही नाही. गिऱ्हाईक नसलं तरी नाही.

एकाच घरात एकाने उभं राहण्यासाठी हप्ते भरायचे आणि दुसरीला दहा तास बसायला एक स्टूल मिळू नये, हे मला सहन झालं नाही, आणि उभं राहणं आरोग्याला चांगलं असं जेव्हा कोणी सरसकट लिहितं तेव्हा मला वहिनींचे घोटे आठवतात. कापडाच्या जुन्या दुकानांत पांढरी गादी असायची, अजूनही काही ठिकाणी आहे, गिऱ्हाईक बसायचं, विकणारे बसायचे, गठ्ठा काढायला उठायचे, दिवसभर उठबस. शोरूमचे काउंटर आले आणि ती गादी गेली.

हा हक्काचा विषय आहे हे केरळच्या बायकांनी दाखवून दिलं. तिथल्या कापड दुकानांतल्या सेल्सच्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये राज्याने दुकानांच्या कायद्यात बदल करून बसायची सोय बंधनकारक केली, २०२१ मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला. कारखान्यांसाठी तर १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्येच, कलम ४४ मध्ये, उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून सोय करा असं लिहिलेलं होतं.

मी लेटरहेडवर एक साधं पत्र दिलं, की यांना शिरांचा त्रास आहे, काउंटरमागे उंच स्टूल द्यावं, साठ-पासष्ट सेंटीमीटरचं, म्हणजे बसूनही गिऱ्हाईकाशी नजर जुळते आणि उठायला वेळ लागत नाही. सुपरवायझर म्हणाले बसलेलं बरं दिसत नाही. वहिनी एरवी फार बोलत नाहीत, पण पत्र घेऊन त्या मालकांकडे गेल्या. शेवटी दुपारी २ ते ४, गर्दी नसते तेव्हा, एक स्टूल मिळालं आणि आता बाकीच्या बायकाही त्यावर आळीपाळीने बसतात. पुरेसं नाही, पण पाय बघितले तर फरक दिसतो. जोडीला डॉक्टरांनी दिलेले घट्ट स्टॉकिंग्ज, ते सकाळी उठल्याबरोबर, सूज यायच्या आधी घालायचे, आणि काउंटरमागे उभ्या उभ्या टाचा वरखाली करणं, जे कोणाला दिसतही नाही.

ज्यांना आधीच शिरा फुगलेल्या आहेत, गुडघे झिजलेत, गरोदरपण आहे किंवा बीपीच्या गोळ्यांनी उभं राहिल्यावर चक्कर येते त्यांनी विचारल्याशिवाय स्टँडिंग डेस्कच्या नादी लागू नये. आणि एकाच पोटरीला अचानक सूज, दुखणं, गरमपणा असं झालं तर मालिश करू नका, फिजिओकडे पण येऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, गुठळी असू शकते.

दादांना आता सहा महिन्यांनी बोलावलंय. वहिनींची डॉप्लर (पायांच्या शिरांची सोनोग्राफी) या महिन्यात करायची आहे, दुकानातून रजा मिळाली की, त्यावरून शिरांचं पुढे काय करायचं ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. आणि स्टूल दिवसभर ठेवू द्यावं म्हणून दुसरं पत्र मी लिहून ठेवलंय.